पासली गाडीतलं फुलपात्र

कंट्रोलरसाहेबांचे किस्से मी आजवर पुष्कळांना सांगितले. लग्नाच्या मांडवात सांगितले, दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितले, नातवंडांना तर इतक्यांदा सांगितले की मी चुकलो तर ती दुरुस्त करतात. पण कुणी "ते फुलपात्राचं पुढं काय झालं हो?" असं विचारलं की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. साहेब होते तोवर त्यांच्या कानावर जाईल ही भीती होती. आता ते नाहीत, आणि माझेही फार दिवस उरले आहेत असं नाही. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो.

ते भोरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. मी आधी कंडक्टर होतो. घाटात पाय मोडला, हाड नीट बसलं नाही, म्हणून मला पासांच्या खिडकीवर बसवलं. माझी खिडकी त्यांच्या टेबलाला लागूनच. त्यामुळं दिवसभर त्यांचा आवाज दोनदा ऐकू यायचा, एकदा शेजारून आणि एकदा कर्ण्यातून.

उंच, किंचित पोक आलेले, भर मे महिन्यात कानटोपी. कानटोपी का, तर स्वतःचाच कर्ण्यातला आवाज कानाला सोसत नाही म्हणून. पासलीला मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी परत आल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. पावसाळ्यात ती गाडी वेल्ह्याच्या वर कुठंतरी अडकायची आणि दुपार व्हायची. कँटीनवाला ओरडायचा, "साहेब, गाडीला काय व्हत न्हाई, तुमीच मराल उपाशी!" साहेब म्हणायचे, "डोंगरातली माणसं खाली उतरू देत की आधी."

त्यांची घोषणा ऐकायला म्हणून कॉलेजची पोरं स्टँडवर थांबायची. "वेल्ह्यामार्गे पासली गाडी फलाटाला लागलेली आहे. रेटारेटी करू नका. काल एक आजीबाई खिडकीतून आत गेल्या आणि दारातून आलेल्यांना जागा मिळाली, त्यांना नाही. यावरून काय ते समजा." एकदा एका पुढाऱ्याच्या मुलानं फलाटावर जीप उभी केली. साहेबांनी कर्ण्यातून सांगितलं, "ही जी नवी गाडी लागलेली आहे ती कुठं जाणार ते मला कळवलेलं नाही. प्रवाशांनी बसायला हरकत नाही." पाचसहा जण खरंच चढले.

गाडीत सापडलेल्या वस्तू त्यांच्याकडं जमा व्हायच्या. मुदत संपली की त्या वर पाठवायचा नियम होता. साहेब पाठवत नसत. मेमो यायचा, ते उत्तर द्यायचे, पुन्हा मेमो यायचा. 'हरवलेलं' हा शब्द त्यांना चालत नसे. "वस्तूला पाय नसतात," ते म्हणायचे. "ती बसलीय जागेवर. हिंडतोय तो माणूस. हरवला असेल तर तो." त्यांच्या कपाटात छत्र्या होत्या, एक टाळांची जोडी होती, आणि एक दातांची कवळी होती. कवळीला ते 'आजोबा' म्हणायचे आणि तिचं पाणी रोज बदलायचे. मालक बऱ्याच दिवसांनी आला तेव्हा त्याला ती तिथंच घालायला लावली आणि गावाचं नाव स्पष्ट म्हणून दाखवल्याशिवाय सोडलं नाही.

अशा माणसाच्या हातात मी ते फुलपात्र दिलं.

पितळी, साध्या फुलपात्राहून जाड आणि जड. तोफेच्या गोळ्याचं रिकामं टरफल कापून, कड ठोकून केलेलं. बुडाशी इंग्रजी आकडे तसेच राहिलेले. आणि पोटावर, आपल्याकडं भांड्यांवर नावं घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी एकच नाव कोरलेलं : गजरा. नाव घालणारा तांबट नव्हता हे दिसत होतं. ठिपके खिळ्यानं मारलेले, काही खोल, काही नुसते टेकलेले. आडनाव नाही, गाव नाही.

"पासलीच्या मुक्कामी गाडीत सीटखाली सापडलं, कंडक्टरनं दिलं," असं मी साहेबांना सांगितलं.

ते खोटं होतं. गाडीत कुणी काही विसरलं नव्हतं. ते मी घरून जेवणाच्या पिशवीतून आणलं होतं.

ते माझ्या थोरल्या भावाच्या पेटीतलं. दादा सैन्यात होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याच्याबरोबर पासलीच्या वरच्या एका वाडीचा जवान होता. नुकतं लग्न झालेला. विश्रांतीच्या वेळी तो हे टरफल मांडीवर घेऊन ठोकत बसायचा. दादानं विचारलं, "कुणाचं नाव रे?" तर तो लाजून म्हणाला, "घरवालीचं. म्हायेरचं लाडाचं नाव हाय तिचं. आमच्या घरी कुनाला ठावंबी न्हाई. बगितलं तरी आईला वाटंल, दुकानदाराचं आसल." लग्नात सासरी तिचं नाव बदललं होतं. दोघंच असताना तो तिला जुन्या नावानं हाक मारायचा. लढाई संपायच्या सुमाराला तो गेला. देह घरी आला नाही. फुलपात्र दादाकडं राहिलं.

दादा सुट्टीवर आला तेव्हा ते घेऊन वाडीवर गेला. सरकारी तार आधीच पोचली होती. ओटीवर त्या जवानाची आई बसली होती आणि आलेल्या-गेलेल्याला ऐकवत होती, "पांढऱ्या पायाची आली आन् माझं प्वार गिळलं." सून दाराआड. म्हातारीनं दादाचे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी काय दिलंय का रं त्यानं?"

दादाच्या पिशवीत फुलपात्र होतं, आणि त्यावर आईचं नाव नव्हतं. ते सुनेसाठी आहे म्हणून बाहेर काढलं तर या पोरीचं काय होईल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "न्हाई आई. काय न्हाई दिलं." सुनेनं बाहेर येऊन त्याला पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी पिऊन तो परत आला.

पुढच्या सुट्टीत देऊ, म्हातारी गेल्यावर देऊ, असं करत वर्षं गेली. मग अडचण निराळीच झाली. आता दिलं तर तेव्हा खोटं बोललो हे सांगावं लागणार. दादाला गावात मान होता. झेंडावंदनाला शाळेत पहिली खुर्ची त्याची. शेवटच्या आजारपणात त्यानं मला हे सगळं सांगितलं आणि पेटीची किल्ली दिली. जवानाचं नाव सांगितलं, वाडी सांगितली, तिचं सासरचं नावही सांगितलं. "तेवढं पोचव," म्हणाला.

मी गेलो, नाही असं नाही. पासलीला उतरून वर चढलो. भात लावणी चालली होती. वाडीच्या खाली खाचरात एक चाळिशीची बाई चिखलातून वर आली. मी त्या घराचं नाव विचारलं. "आमचंच की," ती म्हणाली. "काय काम हुतं, दादा?" कपाळ मोकळं, हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. मला माझ्या भावाच्या वतीनं काय बोलायचं ते ठरवलेलं होतं. ते तोंडातून आलं नाही. मी म्हणालो, "काय नाही. वाट चुकलो." तिनं मला खालची पायवाट दाखवली.

मग मी स्वतःची समजूत घातली. साहेबांकडं दिलेली वस्तू मालकाला पोचतेच. दादाचं नाव न येता पोचेल. यापरतं बरं काय?

साहेबांनी फुलपात्र दोन्ही हातांत धरून वास घेतला. चिंच लावून घासलं. बुडाचे आकडे पाहिले आणि म्हणाले, "हे बाजारातलं नाही. हे लढाईवरून आलंय." टेबलामागच्या फळीवर त्यांनी ते ठेवलं आणि त्यात रोज ताजं पाणी भरायला लागले. कुणाला पिऊ देत नसत. स्वतःही पीत नसत.

कर्ण्यावर काय सांगायचं याचा त्यांनी विचार केला. "भांड्याचं नाव काढलं तर उद्या दहा गजरा उभ्या राहतील," ते मला म्हणाले. "नुसतं नाव घ्यायचं. जी खरी असेल ती येईल आणि वस्तू कोणती ते तीच सांगेल." म्हणून पासली गाडी लागली की घोषणेच्या शेवटी ते म्हणायचे, "गजरा नावाच्या बाई कुणी असतील तर त्यांनी कंट्रोलरच्या खिडकीशी यावं. इथं तुमची वाट पाहत आहेत."

स्टँडला मजा मिळाली. ड्रायव्हर गाडी लावतालावता ओरडायचे, "साहेब, गावली का गजरा?" कँटीनवाला म्हणायचा, "ह्या वयात? कानटोपी तरी काढा!" साहेब हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. "अजून नाही," एवढंच म्हणायचे. साहेबांच्या घरी पत्नी नव्हत्या, त्या लवकर गेल्या होत्या. म्हणून थट्टेला अधिकच धार. मी हसत नसे. लोकांना वाटायचं मी सज्जन आहे.

एके बाजारच्या दिवशी दोघे भाऊ खिडकीशी आले. त्यांच्या बहिणीचं नाव गजरा. "आमच्या भयनीचं नाव कर्ण्यावर घेतुयास व्हय रं?" म्हणत एकानं जाळीतून हात घालून साहेबांची कॉलर धरली. साहेबांची कानटोपी खाली पडली. गचांडी धरलेल्या अवस्थेत त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचे मेहुणे सैन्यात होते का?"

"त्यो पिठाची गिरन चालिवतो!" असं म्हणून त्यानं साहेबांच्या थोबाडीत मारली. फलाटावर हशा झाला. मी माझ्या खिडकीत बसून होतो. मध्ये हातभर लाकडी फळी. मी उठलो नाही.

वरून आदेश आला, कर्ण्यावर वेळापत्रकाखेरीज बोलायचं नाही. साहेबांनी तो पाळला. पण साप्ताहिक सुट्टीला ते पासलीची गाडी पकडून वाड्यावाड्यांतून विचारत हिंडायला लागले. मी दाखवलेल्या त्या खोट्या गाडीच्या वाटेवर. सगळीकडं एकच उत्तर, "गजरा? आमच्यात न्हाई बा कुनी." उत्तर खरंच होतं. तिच्या स्वतःच्या वाडीतही त्यांना तेच मिळालं. ते तिच्या अंगणापर्यंत गेले होते. परत आल्यावर मला म्हणाले, "चांगली माणसं. घरी बाई नव्हत्या, माहेरी गेल्या होत्या. दिरानं ताक दिलं."

याच सुमाराला फलाटावर एक बाई येऊन बसायला लागली. मी तिला पहिल्याच दिवशी ओळखलं. खाचरातून वर आलेली तीच. तिचं माहेर भोरच्या पलीकडच्या खोऱ्यात, त्यामुळं गाडी बदलायला तिला भोरला उतरावंच लागे. पूर्वी ती एका गाडीतून उतरून दुसरीत बसत असणार. आता ती बसून राहायची. पासलीची गाडी लागायची, भरायची, जायची; ती आपली येणाऱ्या प्रत्येक गाडीतून उतरणाऱ्या पुरुषांची तोंडं निरखत असायची. थोड्या दिवसांनी पुन्हा यायची.

साहेब तिला विचारायचे, "बाई, कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई."

"मग कुणी यायचंय का?"

ती पदर पुढं ओढायची. "आलं तर."

"कुठल्या गाडीनं?"

"ठावं न्हाई."

साहेब मला म्हणायचे, "या बाईंची गाडी शोधायला हवी रे." त्यांच्या मागं, फळीवर, पाण्यानं भरलेलं फुलपात्र असायचं. त्यावरचं नाव तिला तिथून दिसणं शक्य नव्हतं.

एकदा साहेब डेपोत गेले असताना ती माझ्या खिडकीशी आली. मला तिनं ओळखलं नाही. हळू आवाजात म्हणाली, "दादा, मागं कर्न्यात एक नाव घेत हुते. ते कोन सांगतंय त्यास्नी?"

"कोणतं नाव?" मी विचारलं. मला ठाऊक असून विचारलं.

तिनं नाव घेतलं नाही. "एका मानसाबिगर ते नाव हिकडं कुनालाच ठावं न्हाई," ती म्हणाली. "त्यो आला हुता का हितं? येऊन सांगून गेला का? पार वळख पटंना आसा झाला आसला तरी मी वळखीन."

तिला वाटत होतं, नवरा जिवंत आहे. परत आला आहे. घरी यायला धजत नाही म्हणून स्टँडवर नाव घेऊन तिला बोलावतो आहे. देह कुणी पाहिलाच नव्हता, तिनं तरी का मानावं?

एका वाक्याचं काम होतं. उठून मागच्या फळीवरचं फुलपात्र तिच्या हातात ठेवलं असतं तरी बोलायचीही गरज नव्हती. ठिपक्यांवरून बोटं फिरवून तिला कळलं असतं. पण पाठोपाठ प्रश्न आले असते. कुणी आणलं? इतकी वर्षं कुठं होतं? त्या दिवशी आमच्या घरचं पाणी पिऊन गेलेला तो कोण? मला दादाची पहिल्या रांगेतली खुर्ची दिसली. आणि खरं सांगायचं तर दादापेक्षा माझीच लाज जास्त होती.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणालो. "साहेबांना विचारा."

एवढ्या माणसांत ज्याच्या नावानं हसतात त्या माणसाला ती काय विचारणार? ती परत जाऊन बसली. पुढंही वर्षानुवर्षं येत राहिली. केस पिकले, पाठीत वाकली. तिला पाहिलं की मी मान खाली घालून पासांवर शिक्के मारायचो.

साहेब निवृत्त झाले तेव्हा सत्काराचा नारळ घेतला आणि फुलपात्र मागून घेतलं. त्यांचा शोध थांबला नव्हता. पुढं एका गावात जात्यावर बसलेल्या म्हातारीनं त्यांना सुनावलं, "अवो मास्तर, बाईमानसाचं नाव सासरी इचारत हिंडताय व्हय? म्हायेरी इचारा! म्हायेरचं नाव उंबऱ्याभाईर ठिवून येतो आमी." साहेब ते मला सांगायला धावत आले होते. "मी सगळं उलटं करत होतो रे!" त्या दिवशी ते फार आनंदात होते. मी त्यांना चहा पाजला.

मग ते भोरच्या अलीकडची-पलीकडची खोरी धुंडायला लागले. गुडघे गेले होते, डोळ्यात मोतीबिंदू. टेम्पोवाले ओळखीनं बसवून न्यायचे. त्यालाही काही वर्षं गेली. मध्ये एकदा त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं; मी पायाचं कारण दिलं.

गेल्या वर्षी निरोप आला, साहेब अंथरुणावर आहेत, आठवण काढतात. मी गेलो. कानटोपी होतीच. मला पाहून उठून बसायचा प्रयत्न केला.

"सापडली," ते म्हणाले.

मी अंथरुणाच्या कडेला टेकलो.

"भाऊ आहे तिचा. भांडं हातात घेतलं, नावावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, हे नाव आमच्या आईनं ठेवलं होतं. पासलीच्या वर दिली होती. नवरा लढाईत गेला." ते थांबले. धाप लागली होती. "पण ती नाही रे आता. आधीच्याच पावसाळ्यात गेली. भाऊ म्हणाला, डोक्यावर परिणाम झाला होता. भोरच्या स्टँडवर जाऊन बसायची. नवरा यायचाय म्हणायची. कर्ण्यात त्यानं हाक मारली म्हणायची."

बाहेर कुणीतरी नळाखाली भांडी घासत होतं. साहेब माझ्याकडं बघत होते.

"तीच. फलाटावरची. मी रोज विचारायचो तिला, कुठं जायचंय म्हणून. कुठं जायचंय हे विचारलं, नाव नाही विचारलं. आणि हाक मारली ती मी. मी तिला वेडी केली. भांड्याचं नाव काढलं असतं तर ती समजली असती. शहाणपणा केला, दहा गजरा येतील म्हणून." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळा स्टँड हसत असताना ज्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, तो माझ्यासमोर रडत होता. "वस्तू पोचवायच्या नादात माणूस घालवलं मी. झोप लागत नाही रे."

त्यांची झोप माझ्या हातात होती. तुमचं काही चुकलेलं नाही साहेब, ती गाडी खोटी, तो कंडक्टर खोटा, ती बाई माझ्या खिडकीशी आली होती आणि मी तिला परत पाठवलं. सगळं जिभेवर येऊन उभं होतं.

"साहेब, ते भांडं..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे. तू नको मनाला लावून घेऊस. सगळे हसले, तू एकटा कधी हसला नाहीस. ते मी विसरलो नाही."

सूनबाई चहा घेऊन आल्या. मी कप हातात घेतला. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते जागे होते; श्वासावरून कळत होतं. मी चहा संपवला. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून उठलो.

पुढच्या खेपेला त्यांच्या दारात चपला फार होत्या.